चावडीवरची पेटी आणि पेटीभोवतीची माणसं: पुणे केंद्राच्या १९५६च्या प्रयोगाचं प्रकरण

चावडीवरच्या रेडिओबद्दल पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या माणसांना विचारलं तर उत्तर बहुतेक एकाच वळणाचं येतं. लाकडी पेटी, आढ्यावरून गेलेली तार, दारात दाटलेली पोरं आणि गाणी. त्या पेटीपुढे मोठी माणसं बसून काय बोलत होती, हे आपणहून कुणी सांगत नाही. पण १९५६ साली ऑल इंडिया रेडिओच्या पुणे केंद्रावरून, गावोगाव गट जमवून रेडिओ ऐकवायचा आणि मग त्यावर चर्चा घडवायची, असा जो प्रयोग झाला त्याचा निष्कर्ष नेमका त्या बोलण्याबद्दल होता. नुसत्या पेटीने फारसं काही घडलं नाही, पेटी बंद झाल्यावर जी बैठक चालली तिने घडलं. लहानपणच्या आठवणी आणि त्या काळचा अहवाल यांच्यातली ही तफावत समजून घेतली, की गावचा रेडिओ नेमकं काय काम करतो हे कळतं आणि आज त्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला निघालेल्यांनी काय विचारायला हवं हेही.

पुण्याचं केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. म्हणजे प्रयोगाच्या वेळी ते जेमतेम अडीच वर्षांचं होतं. कल्पना मूळची कॅनडातली. तिथे १९४१पासून शेतकरी शेजारीपाजारी जमून आधी एक पत्रक वाचत, मग रेडिओवरचा कार्यक्रम ऐकत, मग चर्चा करत. युनेस्कोच्या मदतीने ही पद्धत इथे आणताना ‘वाचा’ ही पायरी गाळली, कारण ज्यांच्यासाठी हे चाललं होतं त्यांच्यातल्या अनेकांना वाचता येत नव्हतं. उरलं ते ऐका, चर्चा करा आणि कामाला लागा. ऑल इंडिया रेडिओचे महासंचालक तेव्हा जगदीशचंद्र माथुर होते. मोजमापाचं काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे गेलं आणि ते पॉल न्यूराथ यांनी सांभाळलं. मूळचे व्हिएन्नाचे आणि न्यूयॉर्कला शिकवणारे हे समाजशास्त्रज्ञ त्या वेळी भारतात होते.

पाच जिल्हे निवडले होते: पुणे, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर), नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा. उत्तर सातारा म्हणजे आजचा सातारा जिल्हा, तेव्हाचा दक्षिण सातारा ही आजची सांगली. या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं. फेब्रुवारी ते एप्रिल असे दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी अर्ध्या तासाचा खास कार्यक्रम, एकूण वीस कार्यक्रम. विषय शेतीचे, आरोग्याचे, शिक्षणाचे, गावकारभाराचे.

काळ कसा होता तेही ध्यानात घ्यावं. जानेवारी १९५६मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली होती, गोळीबार झाले होते, संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीने हे पाचही जिल्हे तापलेले होते. सरकारी रेडिओवरून सरकारी योजना सांगायला ही काही आदर्श वेळ नव्हती. शिवाय फेब्रुवारी-मार्च म्हणजे ज्वारीची काढणी आणि मळणी, चैत्र लागला की गावोगावच्या जत्रा. अशा दिवसांत माणसं आठवड्यातून दोनदा येऊन बसली, हे त्या रचनेच्या बाजूने बोलतं.

आता पेटी. आठवणींमध्ये ती नेहमी ‘मोठी’ असते आणि त्यात अतिशयोक्ती फार नसते. वीज नसलेल्या गावात संच चालायचा तो कोरड्या बॅटरीवर. तो व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा, जमाना होता आणि बॅटरीवर चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या संचाला दोन वेगवेगळे दाब लागतात. व्हॉल्व्हमधली तार तापवायला सुमारे दीड व्होल्ट आणि प्लेटला साधारण नव्वद व्होल्ट. म्हणून बॅटरीचा गठ्ठाच भलामोठा असे. संचाच्या खाली किंवा मागे तिच्यासाठी वेगळी जागा लागे. दीड व्होल्टची बाजू आधी उतरली की आवाज हळूहळू बसत जाई आणि गावाला वाटे, पुण्याहूनच हळू येतंय. याहून वाईट म्हणजे हौशी हातांनी तारांची अदलाबदल होणं. नव्वद व्होल्ट चुकून तापवायच्या तारेला लागले की क्षणात सगळे व्हॉल्व्ह जळतात. दुरुस्ती गावात होण्यासारखी नसे, संच किंवा व्हॉल्व्ह तालुक्याला, नाहीतर जिल्ह्याला न्यावे लागत. बाकी सगळं सुरळीत असलं तरी या एका चुकीने पुढचे कितीतरी कार्यक्रम बुडायचे.

दुसरी गोष्ट एरियल आणि अर्थिंग. मध्यम लहरींचं प्रसारण चांगलं पकडायला पंधरा-वीस मीटर तार उंचावर ताणून बांधत, एक टोक चिंचेला किंवा देवळाच्या कोपऱ्याला, दुसरं चावडीच्या आढ्याला. तार थेट झाडाला बांधली की ओल्या फांदीतून सिग्नल जमिनीत जातो, म्हणून मध्ये चिनीमातीचा इन्सुलेटर हवा. तो फुटला किंवा काढून टाकला की खरखर वाढते. अर्थची तार जमिनीत पुरलेल्या पत्र्याला किंवा नळीला जोडलेली असे. मार्चनंतर जमीन वाळली की हा जोड कमकुवत होतो आणि आवाज पडतो. त्यावरचा जुना उपाय म्हणजे खड्ड्यात थोडं मीठ टाकून संध्याकाळी बादलीभर पाणी ओतणं. जुन्या माणसांशी बोलताना ‘रेडिओला पाणी घालायचे’ असं वाक्य आलं तर हसू नये. ते अर्थच्या खड्ड्याबद्दल बोलत असतात आणि ज्याला हे आठवतं त्याने पेटी जवळून पाहिलेली आहे.

पेटीचं इतकं पुरे. प्रयोगाचा जीव दुसरीकडे होता. प्रत्येक निवडलेल्या गावात वीसेक जणांपर्यंतचं चर्चामंडळ. त्याला एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक. निमंत्रक लिहिता येणारा हवा, कारण खरं काम त्याचं. कार्यक्रमाआधी माणसं जमवायची, अर्धा तास सगळ्यांनी मिळून ऐकायचं, मग पेटी बंद करायची आणि बोलायचं: हे आपल्या गावात लागू होतं का, झालं तर कोण करणार, अडचण कोणती. शेवटी निमंत्रकाने लिहून काढायचं की कोण आले, काय बोललं गेलं, काय ठरलं, कोणते प्रश्न उरले. तो अहवाल टपालाने पुण्याला जाई आणि मंडळांच्या प्रश्नांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून दिली जात.

शेवटची ही कडी सगळ्यात मोलाची होती. आपल्या गावाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर रेडिओवरून आलं की पुढच्या बैठकीला माणसं सांगावी लागत नाहीत. पण हीच कडी सगळ्यात नाजूकही. आठवड्यात दोन कार्यक्रम म्हणजे दोन बैठकांत अंतर तीन-चार दिवसांचं. तेवढ्यात अहवाल लिहायचा, टपालात पडायचा, पुण्यात पोचायचा, कुणीतरी वाचायचा, जाणकाराला विचारून उत्तर तयार करायचं. एक जरी टप्पा रेंगाळला तरी उत्तर येतं तेव्हा गाव दुसऱ्याच विषयावर गेलेलं असतं. म्हणूनच या दहा आठवड्यांत मंडळांना भेटी देणाऱ्या संघटकांना महत्त्व होतं. एखादा निमंत्रक ढिला पडला तर तो आठवड्याभरात लक्षात यायला हवा, महिन्याने कळून उपयोग नाही.

मोजमाप कसं केलं ते जरा नीट पाहण्यासारखं आहे. मंडळ असलेली वीस गावं अभ्यासाला घेतली. त्यांच्या जोडीला मंडळ नसलेली वीस गावं. या दुसऱ्या विसांतल्या दहा गावांत रेडिओ होता, दहांत नव्हता. कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यानंतर लोकांना त्याच विषयांवर प्रश्न विचारले. शिवाय निरीक्षक प्रत्यक्ष बैठकांत बसून पाहत होते. मंडळाच्या गावांत माहितीत मोठी वाढ दिसली. मंडळ नसलेल्या गावांत ती किरकोळ होती, आणि त्यातल्या निम्म्या गावांत रेडिओ वाजत होता! ‘गावात रेडिओ आला आणि गाव बदललं’ हे वाक्य आपण इतक्या सहज लिहितो, त्याला हा आकडेवारीचा सरळ अडथळा आहे. अहवाल माथुर आणि न्यूराथ यांच्या नावाने युनेस्कोने १९५९मध्ये प्रसिद्ध केला.

हा अहवाल उजेडात आणताना एक गोष्ट लपवू नये. मंडळात बसणारे जवळजवळ सगळे पुरुष होते. आरोग्य, मुलांचं शिक्षण असे विषय चर्चेला होते आणि ज्यांच्या हातात घर होतं त्या बायका बैठकीत नव्हत्या. हा दोष मोजणीत दिसत नाही, कारण ज्यांना मोजायचं ते आधीच निवडलेले होते. लहानपणच्या आठवणींचा खरा उपयोग इथे सुरू होतो.

१९५९नंतर ही योजना देशभर नेली आणि काही वर्षांत मंडळांची संख्या हजारोंच्या घरात गेली. कागदावर. पुण्याच्या प्रयोगात जे जमलं ते पसरताना सुटत गेलं आणि कशामुळे सुटलं यात गूढ काही नाही. दीडशे गावांमागे जेवढे फिरते संघटक होते, त्या प्रमाणात पुढे राहिले नाहीत. बॅटरी आणि दुरुस्तीची जबाबदारी एका खात्याकडून दुसऱ्याकडे ढकलली जाऊ लागली. पाच जिल्ह्यांच्या शेतकऱ्यांसाठी मराठीतून लिहिलेला कार्यक्रम वेगळा आणि मोठ्या प्रदेशासाठी लिहिलेला वेगळा. कोकणातल्या भातकऱ्याला आणि माणदेशातल्या ज्वारीवाल्याला एकच सल्ला दिला की दोघंही उठून जातात. आणि प्रश्नांना उत्तरं येईनाशी झाली. दरम्यान साठच्या दशकात ट्रान्झिस्टर घरोघर पोचला, ऐकणं घरात गेलं. चावडीवर जमायचं कारणच उरलं नाही.

आता आठवणींकडे. १९५६ साली जो आठ वर्षांचा होता तो १९४८चा, जो चौदाचा होता तो १९४२चा. पोरं मंडळाची सभासद नव्हती, त्यामुळे त्यांना चर्चा आठवत नाही हे स्वाभाविक. ती दारात होती, खिडकीत होती, अंगणात होती. म्हणून त्यांच्या आठवणीत जागा, तारा, आवाज, वास आणि कुणाला आत घेतलं, कुणाला नाही, हे सगळं आहे. अहवालात नेमकं हेच नाही. दोन्ही एकमेकांपुढे धरले तर चित्र पुरं होतं. एकट्या आठवणीवर इतिहास लिहायला बसलो तर मात्र घोटाळा होतो, कारण आठवण वर्षं एकमेकांत मिसळते.

ही मिसळ सोडवायला खुणा वापराव्यात. पुणे केंद्रावरून गीतरामायण १९५५च्या रामनवमीपासून पुढे वर्षभर प्रसारित होत होतं, म्हणजे चर्चामंडळाच्या काळात तेही चालू होतं. चावडीवर ते ऐकल्याचं कुणी सांगितलं तर काळ जुळू शकतो. विविध भारती सुरू झाली ३ ऑक्टोबर १९५७ला. त्या गाण्यांची आठवण प्रयोगानंतरची. ‘एक नवा पैसा हातात होता’ असं कुणी म्हणालं तर ते १ एप्रिल १९५७नंतरचं, कारण नवे पैसे तेव्हा आले. हातात मावणारा रेडिओ असेल तर तो ट्रान्झिस्टर, म्हणजे आणखी पुढचा. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७चा, त्याच्या आधीचं की नंतरचं हे सातारा-कोल्हापूरकडची माणसं बिनचूक सांगतात. ‘साल कोणतं?’ हा प्रश्न विचारूच नये. ‘तेव्हा शाळेत कितवीला होता, गुरुजी कोण?’ हे विचारावं.

प्रश्नांची घडणही महत्त्वाची. ‘आजी, रेडिओ ऐकायला लय मजा यायची, न्हवं?’ असं विचारलं की ‘व्हय’ येतं आणि विषय संपतो. त्याऐवजी: ‘आजी, पेटी ठिवली हुती त्या खोलीचं दार कुठल्या तोंडाला? तुम्ही कुठं उभ्या ऱ्हायचा?’ उभं राहायची जागा विचारली की बायका कुठून ऐकत होत्या, महारवाड्यातली पोरं चावडीच्या पायरीवर येत होती की खालीच थांबत होती, किल्ली कुणाकडे असायची, हे आपोआप पुढे येतं. जातीचा प्रश्न थेट टाकला तर शेजारी बसलेल्यांकडे पाहून उत्तर दिलं जातं. म्हणून पहिलं बोलणं एकेकट्याशी, निदान तिघांशी वेगवेगळं. सगळ्यांना एकत्र बसवायचं ते नंतर, आणि शक्यतो त्याच चावडीवर नेऊन. उलट क्रमाने केलं तर ज्याचा आवाज मोठा त्याचीच आठवण सगळ्यांची होते.

ध्वनिमुद्रणातल्या अडचणी खेड्यातल्या घरांच्या आहेत आणि त्या आधी माहीत असलेल्या बऱ्या. पत्र्याचं छत दुपारी तापताना आणि संध्याकाळी निवताना कडकड वाजतं, म्हणून सकाळी साडेआठ ते साडेदहा ही वेळ धरावी. पंखा बंद, फ्रीज असल्यास त्याची पिन काढलेली (आणि निघताना परत लावलेली), मोबाइल विमान मोडवर. कॉलर माइक पदरावर लावला की सुती लुगड्याच्या घासण्याचा आवाज पूर्ण मुलाखतभर येतो. तो ब्लाउजच्या गळ्याला लावावा, आजींनाच लावू द्यावा, किंवा सरळ छोट्या स्टँडवरचा माइक हनुवटीपासून वीतभर अंतरावर ठेवावा. आजोबांच्या खिशातली तंबाखूची पुडी बाजूला ठेवायला सांगावं, बोटं तिच्याशी चाळा करतात. पातळी अशी लावावी की मोठ्यात मोठा आवाज उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील. जुनी माणसं जोशात आली की अचानक चढतात. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो, वेव्ह फाइल, तासाला सुमारे ५२० एमबी. सुरुवातीला कुणी न बोलता अर्धा मिनिट खोलीचा आवाज घ्यावा, संपादनात सांधे बुजवायला तोच लागतो. संमती कागदावर घ्यावीच, शिवाय ध्वनिमुद्रणातही: नाव, गाव, आणि हे रेडिओवर लावलं तर चालेल का. ‘माझं नाव नको’ म्हणणाऱ्यांची फाइल त्याच दिवशी वेगळ्या फोल्डरमध्ये टाकावी.

पन्नास मिनिटांच्या वर एका बैठकीत जाऊ नये. थकल्यावर आठवण ऐकीव गोष्टींकडे वळते.

कागदपत्रंही शोधावीत. गावाने संच ताब्यात घेतला असेल तर त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या जडसंग्रह (डेड स्टॉक) नोंदवहीत असू शकते, बॅटरीचा खर्च जमाखर्चात, एखादा ठराव ठराव-बुकात. शाळेचं शेरेबुकही पाहावं, कारण लिहिता येणारा माणूस म्हणून निमंत्रकाचं काम बऱ्याचदा गुरुजींवर पडण्यासारखं होतं. घरात जुना रेडिओ परवाना सापडेल. ऐंशीच्या दशकापर्यंत रेडिओला परवाना लागे आणि त्याचं पुस्तक पोस्टातून नूतनीकरण करून घ्यावं लागे. त्यावरच्या शिक्क्यांवरून घरात रेडिओ कधी आला हे आठवणीपेक्षा खात्रीने ठरतं. हे कागद जागेवरच, उजेडात, पान सपाट ठेवून मोबाइलने टिपावेत. बरोबर घेऊन जाऊ नयेत, ‘परत आणून देतो’ या वाक्याने अनेक दप्तरं रिकामी झाली आहेत.

हे सगळं ऐकवायचं कुठे? सामुदायिक रेडिओ, म्हणजे एखाद्या भागापुरतं चालणारं छोटं एफएम केंद्र, ही सरळ जागा आहे. २००६च्या धोरणाने ती स्वयंसेवी संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही खुली झाली. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी तर प्रयोगातल्याच एका जिल्ह्यात बसलेली आहे. अशा केंद्राची प्रसारणशक्ती १०० वॉटपर्यंत, अँटेनाची उंची ३० मीटरपर्यंत, पोच सपाटीवर दहा-पंधरा किलोमीटर. मध्ये डोंगर आला की पलीकडे काही नाही, एफएमच्या लहरी वळसा घालत नाहीत. निम्मा कार्यक्रम तरी स्थानिक पातळीवर तयार केलेला असावा लागतो. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, पण गावकारभार, पाणी, शाळा यांवर बोलायला मुभा आहे. जुनं गाणं मागे वाजवायचा मोह टाळावा, त्याचे हक्क कुणाचे तरी असतात. त्यापेक्षा आजींच्या तोंडची ओवी त्यांच्या परवानगीने घ्यावी.

आठवणींची मालिका म्हटली की बहुतेक ठिकाणी एक चूक होते. पंचवीस मिनिटं आठवण, पाच मिनिटं निवेदन, झालं. लोक फोन करून ‘छान वाटलं’ म्हणतात आणि गोष्ट तिथेच थांबते. हा नुसता रेडिओ असलेल्या गावांचा साचा झाला. १९५६ची रचना घ्यायची तर अर्ध्या तासात आठवण सात-आठ मिनिटांपुरती ठेवावी, तीही एका विषयाची: समजा, उन्हाळ्यात गावाचं पाणी तेव्हा कुठून यायचं. पुढची दहा-बारा मिनिटं आज त्याच विहिरीचं काय झालं यावर जाणकाराशी बोलणं. उरलेल्या वेळात मागच्या आठवड्याच्या प्रश्नांना उत्तरं, विचारणाऱ्या गटाच्या गावाचं नाव घेऊन. ऐकणारे गट आधीच ठरवलेले हवेत. सुरुवातीला पाच-सहा गावं पुरतात. एक बचत गट, एक शाळेचा नववीचा वर्ग, एक पारावरचं टोळकं. बचत गट यात असायलाच हवा, १९५६ला जे राहून गेलं ते इथे भरून काढता येतं. पाराजवळच्या गटाला ब्लूटूथ स्पीकर द्यावा आणि तो चार्ज कोण करणार त्याचं नाव लिहून ठेवावं. बॅटरीचा प्रश्न तोच आहे, फक्त लहान झालाय.

प्रत्येक गटाचा एक निमंत्रक, आणि कार्यक्रमानंतर त्याने चार ओळींचा आवाजी संदेश केंद्राला पाठवायचा: किती जण होते, काय ठरलं, कुणी करायचं, प्रश्न काय. टपालाचे दिवस वाचले तरी ते ऐकून वहीत उतरवणारं माणूस केंद्रात लागतंच. संदेश नुसते येऊन पडत राहिले आणि ऐकायला कुणी नसलं तर तिसऱ्या आठवड्यात गट बोलायचे थांबतात. म्हणून गट वाढवण्याआधी हे काम कुणाच्या नावावर आहे ते पाहावं, आणि तो माणूस रजेवर गेला तर कुणाच्या, तेही.